अमोर्फाचं रान आणि अठरा शेळ्या

सावाकाठ, १९ जुलै

आदरणीय यागिकाताई,

तुला आणि भावोजींना आम्हा सर्वांचा प्रेमाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (खरं लिही. मागच्या पत्रात 'बरा आहे' म्हणालीस, आणि झाग्रेबहून येणारा जो तो सांगतो की तू जिना आडव्या पावलांनी उतरतेस.) इकडे सगळे सुखरूप. तुझी भावजय जुर्जा ठणठणीत आहे आणि माझ्याशी बोलतेही आहे, त्यावरून संकट टळलं हे तू ओळखलंच असशील.

संकट म्हणजे ते अमोर्फाचं झुडूप. तू सासरी गेलीस तेव्हा बंधाऱ्यावर चार-दोन होती. आता पुराच्या पाण्याबरोबर बी पसरून बाबांच्या ओकच्या रानात पुरुषभर उंचीची भिंत झाली आहे. वर म्हातारे ओक, खाली मिट्ट सावली. ओकचं बी रुजतं आणि तिथेच गुदमरतं. मार्चच्या सभेत रानसमितीचा अध्यक्ष वेंदेलिन म्हणाला, "ज्याला साफसफाई झेपत नाही त्याने हिस्सा सोडावा. तिथे आपण झटपट वाढणारे पॉपलर लावू." ताई, बाबांच्या ओकांच्या जागी पॉपलर! मी ताडकन उठलो (आलुबुखारच्या दारूचा एकच पेला झाला होता, जुर्जा तीन म्हणते) आणि जुलै उजाडायच्या आत रान मोकळं करून दाखवतो, असं भर सभेत सांगून बसलो.

एप्रिलभर मशीनने झुडपं कापली. कंबर गेली, पण रान असं लख्ख झालं की मी जुर्जाला मुद्दाम फिरायला नेलं. मे महिन्यात बघतो तर एकेका बुंध्यातून सात-सात फांद्या! म्हणजे मी महिनाभर खपून त्याची मशागतच केली होती. पुन्हा मशीन काढलं, तर वाटेत जुर्जाचा भाऊ मियो हात पसरून उभा, तोंडावर मधमाश्यांची जाळी. "दाजी, हे झुडूप नाही, माझ्या माश्यांच्या तोंडचा घास कापताय तुम्ही! त्या जांभळ्या तुऱ्यांवर माझा अख्खा जूनचा मध आहे!" मी म्हटलं, "मग तुझ्या माश्यांनाच सांग वेंदेलिनची समजूत घालायला." तो चिडला, मीही चिडलो, आणि आम्ही आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही. (रस्सा मागायचा तरी जुर्जामार्फत.)

शेवटी तिनेच चमचा आपटला. "बंधाऱ्यावरची झुडपं त्याची, रानातली तुमची. आणि ते मशीन ठेवा आता. माझ्या मावशीच्या शेळ्या आणा. पालवी फुटली की खातील, परत फुटली की परत खातील. मूळ कधीतरी थकेलच ना?"

अठरा शेळ्या आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी अमोर्फाकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि पाद्रीबाबांचा कोबी संपवला. दुसऱ्या दिवशी कुंपण घातलं, तेव्हा निरुपायाने एकीने पान चाखलं आणि मग सगळ्या अशा तुटून पडल्या की मियोसुद्धा बघायला आला. आठवड्याने शेळीच्या उंचीचे बोगदे तयार झाले. एका बोगद्यात रांगताना मला ओकचं रोप दिसलं. वीतभर, चार पानांचं. पुढे आणखी एक. उजेड पोचताच उठून बसली होती बिचारी! पण शेळ्यांना काय, ओक आणि अमोर्फा सारखेच. मी घरी धावलो आणि चाळण्या, जाळीच्या टोपल्या, बूड गेलेल्या बादल्या, हाताला लागेल ते आणून रोपांवर पालथं घातलं. तेव्हापासून जुर्जा शेवया फडक्यात गाळते आहे.

तीस जूनला वेंदेलिन पाहणीला आला, पॉलिश केलेले बूट घालून. "कुठे झालंय मोकळं?" म्हणाला. मी म्हटलं, "आत या, पण जरा वाकून." अध्यक्ष चार पायांवर आत शिरला आणि कितीतरी वेळ बाहेरच येईना. मी घाबरून हाक मारली. आतून आवाज आला, "एकतीस रोपं मोजली. गप्प बस, चुकेल." बाहेर आला तेव्हा गुडघे चिखलाचे आणि डोक्यावर टोपी नाही, एक रोप उघडं होतं म्हणून त्यावर घालून आला होता. म्हणाला, "पॉपलर राहू दे. पण शेळ्या पुढची तीन वर्षं हलवायच्या नाहीत, नाहीतर हे सगळं परत उठेल."

तेव्हा ताई, रान अजून साफ नाही, पण रान आपलं आहे. संध्याकाळी मी आणि मियो कुंपणाला टेकून त्याचा मध चाटत शेळ्यांचं चरणं बघतो. फार बरं वाटतं.

तुझा,
ब्लाझ

ता. क. नदीकडचा तुझ्या वाटणीचा पट्टा आहे ना, तिथे शेळ्या सोडायला तुझी लेखी परवानगी हवी. दोन ओळी पुरेत.

ता. क. २ — तारीख मात्र जूनची घाल. त्या तिथलं खाऊन परत आल्यात.