शिडाचं जहाज आणि सात खणांची डबी

३ जानेवारी, शनिवार
हार्टमध्ये दोन स्टेंट टाकून आज महिना झाला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका, रोज वीस मिनिटं चाला, मन रमवा. मुलाने, आल्हादने, पुण्याहून शिडाच्या जहाजाचं किट पाठवलंय. खोक्यावर लिहिलंय, वय चौदाच्या पुढे. मी सदुसष्टची. अडचण नाही.
आल्हादची अट आहे. महिनाअखेर तब्येत नीट दिसली तर इथे नाशिकरोडला एकटी राहा, नाहीतर कायमची पुण्याला चल. जहाज पूर्ण करून समोर ठेवीन. आणखी काय पुरावा हवा?

८ जानेवारी, गुरुवार
सूचना इंग्रजीत. सातवीत शाळा सुटली, त्यानंतरचं सगळं इंग्रजी डिक्शनरी घेऊनच वाचलंय, हेही वाचते. एका पानाला दोन तास. चालण्याची ऐंशी मिनिटं साचलीत. रविवारी एकदम चालेन.
बारके खिळे, शिडाच्या दोऱ्यांच्या कप्प्या हरवतात. सोमवार ते रविवार लिहिलेल्या गोळ्यांच्या डबीत ठेवल्या. सुरेख सोय. गोळ्या वाटीत. मला पाठ आहेत.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. हळदीकुंकवाला आता कुणी बोलवत नाही. बरंच आहे, वेळ मिळतो.
शेजारची हमीदा रोजच्यासारखी चहा घेऊन आली. म्हणाली, "ताई, या जहाजातूनच मला हजला न्या, विमानाचं तिकीट वाचेल." तिच्या घरात सात माणसं, तरी बिचारीला सोबत नाही. म्हणून येऊ देते.

२० जानेवारी, मंगळवार
किटमधलं शिडाचं कापड अगदीच पातळ. कपाटातून ह्यांचं बनियन काढलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं गेली, कोळशाच्या राखेने बनियन कधी पांढरं राहिलंच नाही. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. फडक्यासाठीच ठेवलं होतं. कापायला अर्धा तास लागला. कात्री बोथट आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार
सकाळची पिवळी गोळी घेतली की नाही आठवेना, म्हणून घेतली. बहुतेक आधीच घेतली होती. जिन्यात चक्कर आली. हमीदाने धरून वर आणलं आणि मी नको नको म्हणत असताना आल्हादला फोन केला. तिच्याशी बोलणार नाही.
संध्याकाळी चहा घेऊन आली. बोलले. चहा गार झाला असता.

२५ जानेवारी, रविवार
आल्हाद आला. जहाज टेबलावर मधोमध ठेवलं होतं. छान झालंय म्हणाला. शिडाला बोट लावून म्हणाला, "बाबांचं ना?" मी म्हटलं, फडकं आहे.
मग त्याने गोळ्यांची डबी उघडली. सोमवारात खिळे. मंगळवारात कप्प्या. शुक्रवारात नांगर.
रागावला नाही. रागावला असता तर भांडता आलं असतं. डबी रिकामी करून एकेक गोळी भरत बसला. म्हणाला, "आई, मंगळवारी गाडी घेऊन येतो."

२७ जानेवारी, मंगळवार
पुण्याला निघतेय. दोन महिन्यांसाठीच. मीच ठरवलं. सगळ्या साड्या घेतल्यात, तिथे धुण्याची घाई नको.
गाडीत डोलकाठ्या मोडतील, म्हणून जहाज हमीदाकडे ठेवलं. तिच्याकडे सातच माणसं. तेवढीच सोबत.