बाह्या न जुळणाऱ्या सदऱ्याबाबत

मी, सहदेव केरू उतेकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, शिक्षण चौथी पास, राहणार मौजे कातळवाडी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, आज चष्मा लावून, घराचे दार उघडे ठेवून, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकण्यास कोणी आले असते, तर त्यास अंगणातूनच परत पाठविले असते. यापूर्वीचा असा कागद कोणी दाखविल्यास तो खोटा समजावा.

कलम १. माझी मयत पत्नी रंगूबाई हिचे पायमशीन व कात्री सून सेजल हिला द्यावी. कात्रीने कागद कापू नये. मला या वयात शिवण सेजलनेच शिकविले. कापड बेतण्याआधी भिजवून वाळवा, असे ती म्हणाली होती. चांगले कोरे कापड पाण्यात घालायला लावण्यात तिचा काय हेतू असावा, असा संशय येऊन मी ते तसेच बेतले. पहिल्याच धुण्यात सदरा आटला. "तात्या, मी सांगितलं नव्हतं?" असे ती म्हणाली. सांगितले होते, पण हसत सांगितले होते. सबब तिच्यावरील संशय मी मागे घेत नाही, तूर्त स्थगित ठेवतो.

कलम २. शिवणकामातून उरलेले तुकडे बाजारातील सयाजी टेलर यास नेऊन द्यावेत. माझ्या सदऱ्याच्या कापडातले कधी काही उरले नाही, असे तो सांगत असे. पुढे जत्रेत त्याच्या नातवाच्या अंगावर माझ्याच पट्ट्यांचे कापड दिसले. विचारले, तर चारचौघांत म्हणाला, "तात्या, गिरणीनं ते तुमच्या एकट्यासाठी विनलं व्हतं काय?" त्या दिवसापासून माझे कपडे मीच शिवतो. कापड उरते, हे त्यास कळावे.

कलम ३. शेत व बँकेतील शिल्लक मुलगा भरत व सून सेजल यांनी समान घ्यावी. याविषयी माझे म्हणणे नाही.

कलम ४. राहते घर भरत यास मिळावे, परंतु पुढील अट पाळल्यासच.

भरत मुंबईस नोकरीला असतो. आटलेला सदरा घालून मी ग्रामसभेस गेलो, तेव्हा तो सुट्टीवर होता. म्हणाला, "तात्या, हा घालून फिरू नका. लोकं म्हनतील, पोरगा कमावतो आन बापाला कपडा नाय."

मी म्हणालो, "बापाने शिवला आहे, असे सांग."

दुसऱ्या दिवशी सदरा खुंटीवर नव्हता. "वाऱ्यानं गेला असंल," असे भरत म्हणाला. नंतर तो सदरा मला भरतच्याच गाडीची काच पुसताना सापडला. वारा गाडी पुसत नाही.

म्हणून दुसरा सदरा शिवून मी पेटीत ठेवला आहे. किल्ली माझ्या करगोट्यास आहे. मला न्याल तेव्हा तोच अंगात घालावा. पाहुण्यांनी आणलेले कापड वरून पांघरण्यास हरकत नाही. भरत ऐन वेळी महाडहून तयार सदरा आणून बदली करील, अशी मला दाट शंका आहे. तरी उचलण्यापूर्वी शेजारी श्रीपत सकपाळ याने बाह्या मोजाव्यात. दोन्ही सारख्या निघाल्यास तो सदरा माझा नव्हे. तसे झाल्यास घर गावकीकडे जावे व तेथे भजनाचे साहित्य ठेवावे.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीदारांसमक्ष भरत यास वाचून दाखविला. त्याने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. नंतर म्हणाला, "घर गावकीला द्या, नायतर भजनीबुवाला द्या. पन दाखवा तरी तो सदरा."

पेटी उघडली.

"तात्या, ह्याला बटनं कुठं हायत? उघड्या छातीनं नेऊ काय तुमाला?"

काजे मला अद्याप येत नाहीत. ती शिकून सदरा पुरा होईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणण्याचा प्रसंग मी येऊ देणार नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. भरतने काजांच्या खुणा करून देतो म्हणून सदरा हातात मागितला. दिला नाही. एक बाही धरू दिली; बाकीचा सदरा माझ्या हातात होता.

सही: सहदेव केरू उतेकर

साक्षीदार:
१. श्रीपत सकपाळ, शेजारी
२. उज्वला जाधव, अंगणवाडी सेविका

ठिकाण: कातळवाडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५