धाकटीच्या झग्याची वाकळ

आई, ती परदेशी मुलगी तुझ्याकडं वाकळ शिवायला शिकत होती, ते पंधरा दिवस हल्ली फार आठवतात. मी ज्या संस्थेत कामाला होते तिथं ती स्वयंसेवक म्हणून आली होती. सकाळी वस्तीतल्या पोरांना शिकवायची, आणि इथली कला बघायची म्हणून दुपारी मी तिला आपल्या घरी आणायचे. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा तापलेला, आणि तुम्ही दोघी जमिनीवर जुनी लुगडी अंथरून टाके घालताय. तिला मराठी येत नाही, तुला इंग्रजी येत नाही, मधे मी. तिचा टाका वाकडा गेला की तू तिच्या बोटावर टिचकी मारतेस, ती हसते. "लई गुणाची हाय की पोर," तू म्हणतेस. माझ्याबद्दल असं कधी म्हणाली नव्हतीस.

शेवटच्या दिवशी तिनं पेटीवरची वाकळ उचलून विचारलं, ही मला मिळेल का? मी तुला विचारलं. मान वर न करता तू म्हणालीस, "ती न्हाय द्यायची. तीत धाकटीचा झगा हाय." तापानं गेलेल्या माझ्या बहिणीचं तेवढंच घरात उरलं होतं. मला ते माहीत होतं. तरी मी तिला इंग्रजीत सांगितलं, आई म्हणते, आनंदानं घेऊन जा. तिला न्यायला आलेले आमच्या संस्थेचे साहेब दारात उभे होते, त्यांच्यासमोर पाहुणीला नाही कसं म्हणायचं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. साहेब बाहेर गाडीत होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

तिनं वाकळ छातीशी धरली, रडली, तुझ्या पाया पडली. तू माझ्याकडं बघितलंस. मग उठून तूच ती नीट घडी घालून तिच्या हातात दिलीस. ती गेल्यावर विचारलंस, "काय सांगितलंस गं तिला?"

"तिनं चुकीचं ऐकलं."

"व्हय?" एवढंच म्हणालीस. त्यानंतर हे जग सोडून जाईपर्यंत तू सुई हातात धरली नाहीस.

परवा तिनं फोटो पाठवला. वाकळ तिच्या घरात भिंतीवर टांगलीय, मधोमध झग्याची पिवळी फुलं. हे कापड कुणाचं, असं विचारलंय. मी कळवलं, जुने कपडे आहेत, कुणाचे ते आठवत नाही. मागितली असती तर तिनं परत पाठवली असती. पण मग का, ते सांगावं लागलं असतं.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तिला इंग्रजीत काय सांगितलं, ती ओळ मी गाळली असती.