कडू पानांचं वाळूक

सर, आज सकाळी परसातला तुमच्या वाळकाचा शेवटचा वेल मी उपटला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची आठवण काढणारी माणसंही आता फारशी उरलेली नाहीत. काकू गेल्या, तुमचं परभणीतलं घर दुसऱ्याच कुणाचं झालं, आणि मी मानवतच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवून कधीच निवृत्त झाले. वेल उपटायला ताकद लागत नाही, पण खाली बसले ती गुडघ्यांमुळे लवकर उठता येईना. मातीत तशीच बसून राहिले आणि मनात आलं, तुम्ही मला एक गोष्ट कळवायला सांगितली होती. ती राहूनच गेली.

कृषी विद्यापीठात तुमच्या हाताखाली शिकायला आले तेव्हा संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि पांढरा कोट, अशी माझी समजूत होती. तुम्ही पहिल्याच दिवशी मला उन्हात वाफ्यापुढे उकिडवं बसवलंत. काकडीसारख्या दिसणाऱ्या वाळकाच्या, नुकत्याच दोन पानांवर आलेल्या रोपाच्या पानाचा कोपरा नखानं तोडून माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "चाव." मी चावलं आणि लगेच थुंकून टाकलं. "काय करायलीस गं? जिभेच्या शेंड्याला काय कळतंय? मागं जाऊ दे, घशापाशी. मग सांग." मागं गेलं तसं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात. कडू निघालं की रोपाशेजारी तुराटीची काडी रोवायची, गोड निघालं की उपटून बांधावर टाकायचं. रोज सकाळी, उपाशीपोटी, हेच काम. आमच्या आईकडे याच्या बरोबर उलटं चालायचं. तीही पानं चाखायची, पण कडू रोप काढून टाकायची, कारण पान कडू तर फळ कडू, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. तुम्हाला मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात. "तिथंच तर घोळ झालाय. पिढ्यान् पिढ्या गोड तेवढं ठेवत गेलो आपण, आणि कोळ्यापुढं ताट वाढून बसलो."

लाल कोळी मी त्याआधी कधी नीट पाहिला नव्हता. पान उलटं करून तुम्ही दाखवलात. धुळीच्या कणाएवढा जीव, पानाखाली जाळी विणून रस शोषत बसलेला. उन्हं तापली की गोड पानांचा वेल बघता बघता तांबूस पडून वाळायचा आणि शेजारच्या कडू पानांना कोळ्यानं तोंडसुद्धा लावलेलं नसायचं. मला वाटलं, मग झालं की, सगळं कडूच लावू या. तुम्ही हसलात आणि पुढच्या वाफ्यावर नेलंत. तिथली कोवळी कडू रोपं तांबड्या भुंग्यांनी चाळणी करून टाकली होती. कोळ्याला कडू नको आणि भुंग्याला नेमकं कडूच हवं. "देवानं सगळ्यांच्या पोटाची सोय केलीय," तुम्ही म्हणालात, "फक्त झाडाची तेवढी राहिली." पण भुंग्याची भीती रोप लहान असेपर्यंतच. तेवढे दिवस सकाळच्या दवावर चुलीतली राख धुरळायची, आणि पुढं उन्हाळा पानांच्या कडवटपणावर सोडून द्यायचा, असा तुमचा बेत. पान कडू, फळ गोड. फवाऱ्याचा पंप घराबाहेर काढायला नको. पाथरीच्या बाजारात तुम्ही वाळूक नाकाला लावायचात आणि औषधाचा वास आला की विकणारीशी भांडायचात, म्हणून लोक तुम्हाला येडं सर म्हणायचे, तेही मला ठाऊक होतं. मला ते वेड आवडायचं. कडू पानांचे काही वेल तुम्हाला सापडले होते, ज्यांची फळं आपल्याला गोड लागत होती. त्यांच्याच बियांतून वर्षानुवर्षं निवडत निवडत तुम्ही ते वाळूक तयार केलंत.

काकूंचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. फरशीवर तुम्ही मांडी घालून बसला आहात, मी समोर, आणि काकू तव्यावरून भाकरी काढून थेट ताटात टाकताहेत. त्या दिवशी त्यांनी कारल्याला मीठ लावून पिळलंच नव्हतं, मुद्दाम. तुम्ही भाजी दोनदा मागून घेता. काकू माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात आणि म्हणतात, "बघ, ह्यांना आता कारलं काय न् केळं काय! उद्या कडुनिंबाचा पाला वाढला तरी म्हणतील, मीठ जरा कमी हाय." मग माझं ताट बघतात. तेही रिकामं. "अगं बाई, ही पोरगीपण तसलीच व्हायलीय की!" आपण तिघंही पोट धरून हसलो. त्या हसण्यात काय होतं ते तेव्हा आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही. रोज उठून कडू चघळणारी माणसं आपण. जिभेनं कधीच पाठ फिरवली होती, पानातलं जहाल कडू तेवढं तिला कळायचं, आणि तीच जीभ घेऊन आपण फळ गोड की कडू ते ठरवत होतो.

मग ती शिवारफेरी, शेतकऱ्यांना बोलावून उभं पीक दाखवायची. नामांतराचं पेटलेलं होतं. एसटी कधी सुटेल, कुठं अडवतील याचा नेम नव्हता. बोरीच्या पुढे फाट्यावर उतरून आत असलेल्या एका गावात, एका बागायतदाराच्या मळ्यात आपलं वाळूक लावलेलं होतं. त्याला पाणी धरायला दलित वस्तीवरच्या बायका रोजानं ठेवलेल्या. लोकांना बोलावण्याच्या आधीच्या आठवड्यात गावातली पोरं काठ्या घेऊन वस्तीच्या तोंडाशी बसली. बायका बाहेर पडू शकल्या नाहीत. गाड्या बंद, म्हणून आपल्यालाही जाता आलं नाही. मालक म्हणाला, ते माझं काम न्हाई. ऐन फळांत, त्या उन्हात, वेल कोरडे राहिले. तरी आपण गेलो तेव्हा वेल कसे हिरवेगार होते, आठवतं ना? कोळ्याचं एक जाळं नाही. शेजारचं गावरान वाळूक तांबूस होऊन जमिनीला लागलं होतं आणि लोक आपल्या वेलांवरून हात फिरवत होते. तुमचा चेहरा मी तितका उजळलेला पुन्हा कधी पाहिला नाही.

तुम्ही पहिलं फळ चिरून एका म्हाताऱ्या आजींच्या हातावर फोड ठेवलीत. आजींनी चावली आणि पदर तोंडाला लावला. "आगं बाई गं! ह्याच्यापरीस कडू इंद्रावण बरं की!" मग एकेक जण थुंकायला लागला. "साहेब, आमाला मारायला आणलंय का काय हे?" तुम्ही घाईघाईनं दुसरं फळ चिरलंत, स्वतः खाल्लंत, सगळ्यांदेखत. "अहो, गोड आहे! गोड आहे हे!" आणि माझ्या हातावर फोड ठेवलीत. "सांग गं तू." मी खाल्लं. सर, मला ते गोड लागलं. मी तसंच सांगितलं. मागून कुणी म्हातारा म्हणाला, "गुरूला न् चेलीला मिळून एकच जीभ दिलीय देवानं, अन् तीबी बाद!" सगळा मळा हसला. मला लाज वाटली नाही, राग आला. एवढी माणसं मिळून खोटं बोलताहेत असंच वाटलं मला, इतकी माझी खात्री होती.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात. तिकडेच बघत म्हणालात, "ताण पडला गं. झाड तहानलं की पानातलं कडू फळात उतरतं. बी गोड आहे. पाणी तुटलं म्हणून झालं." मी मान हलवली. ते शास्त्राला धरून होतं, खोटं नव्हतं. पण वरच्या साहेबांनी तुमचं तेच वाक्य उचललं आणि ठरवलं की पाणी देणाऱ्या बायका आल्या नाहीत म्हणून प्रयोग बुडाला. तुम्ही भांडलात. त्यांना घराबाहेर पडायची चोरी झाली होती, त्या काय हौसेनं घरी बसल्या का, असं टेबलावर हात आपटून विचारलंत. पण तुम्ही तरी किती भांडणार? बायकांना सोडवायचं तर बी कडू म्हणावं लागत होतं, आणि बी वाचवायचं तर दोष बायकांवर जात होता. तुम्ही दोन्ही हातांनी दोन्ही धरून ठेवायला गेलात. योजना बंद झाली, वाफ्यांवरून ट्रॅक्टर फिरला, आणि त्या बायकांना कुठल्याच कामावर पुन्हा बोलावलं नाही. त्यांच्यातली एक तुमच्याकडे आली होती, कडेवर लेकरू घेऊन. "साहेब, आमी आलो आसतो वं. पर लेकरं एकटी हुती घरात. समदे म्हंत्यात, आमच्यापायी वाळूक कडू झालं. खरं हाय का?" तुम्ही तिला बसायला सांगितलंत, चहा सांगितलात, आणि लेकराचंच काहीबाही विचारत राहिलात. ती थोडा वेळ बसून निघून गेली.

तुम्ही अंथरूण धरलंत त्या थंडीत मी भेटायला आले होते. अन्न उतरत नव्हतं. काकू पेजेची वाटी हातात घेऊन दारात उभ्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. तुम्ही उशाखालून आगपेटी काढून माझ्या हातात दिलीत. आत राखेत घोळलेलं बी. "मानवतला तुझ्या परसात लाव. पाणी तोडू नको, एक दिवससुद्धा. फळ कसं येतंय ते मला कळव. जसं असेल तसं." उन्हाळा लागायच्या आत तुम्ही गेलात. पुढं नामविस्तार झाला, गाड्या सुरळीत झाल्या, लोक पुन्हा एकमेकांच्या दुकानात जायला लागले, निदान वरवर तरी. तुम्ही यातलं काही पाहिलं नाहीत.

मी बी लावलं, सर. दरवर्षी लावलं. नळ आला नाही तर आडाचं शेंदलं, आड आटला तर टँकरपुढे रांगेत उभी राहिले, स्वतःच्या आंघोळीचं पाणी वेलाला घातलं. शेजारच्या वेलांचे पराग मिसळू नयेत म्हणून संध्याकाळी कळ्यांना दोरा बांधायचा आणि सकाळी फूल आपल्या हातानं फळवायचं, तुम्ही शिकवलंत तसंच. कोळी कधी फिरकला नाही. तेवढं तुमचं खरं निघालं. फळ मी खायची आणि मला ते गोड लागायचं, पण त्या म्हाताऱ्याचं वाक्य कानात असायचं आणि माझा माझ्या जिभेवर विश्वास बसायचा नाही. घरच्यांना शिवारफेरीची गोष्ट माहीत, त्यामुळे कुणी तोंड लावायला तयार नाही. ह्यांनी तर हातच जोडले. मग वर्षं गेली. कडू चघळणं सुटलेलंच होतं. एक दिवस दुपारी जेवताना मेथीच्या भाजीनं तोंड कडू झालं. मी घास तसाच धरून बसले. पुन्हा खाल्ली, पुन्हा कडू. सर, मला इतका आनंद झाला की सूनबाई घाबरून बाहेर आली.

त्या उन्हाळ्यात वेलाला मी एक दिवसही तहानू दिलं नाही. पहिलं फळ धुतलं, चिरलं आणि दार लोटून खायला बसले. घास मागं जाऊ दिला, घशापाशी. कडू. इतकं कडू की डोळ्यांतून पाणी आलं. एखादंच फळ असेल म्हणून दुसरं चिरलं. एखादाच वेल असेल म्हणून दुसऱ्या वेलाचं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही. बी मुळातच कडू होतं, सर, पहिल्यापासून. ताणाचा संबंध नव्हता. त्या बायकांचा तर नव्हताच. दुसऱ्यांना सोडा, तेव्हा आपल्यालाही हे कळणं शक्य नव्हतं, आणि आता कळून कुणाच्या कामाचं नाही. त्यांच्यातल्या एकीचा तरी ठावठिकाणा लागतो का म्हणून मी बोरीच्या पुढच्या त्याच फाट्यावर उतरून आत जाऊन आले. वस्ती तिथंच आहे. पण त्या बायका केव्हाच पुण्याकडे, कुठं कुठं कामाला गेल्या त्या गेल्याच. तिथल्या पोरांना काही ठाऊक नाही. मी घरी आले आणि त्यानंतरही वेल लावत राहिले, का ते विचारू नका. आज उपटला. बी धरलं नाही.

कळव म्हणालात, जसं असेल तसं. म्हणून हे लिहिलं. पाकीट नाही, पत्ता नाही, आणि ते एका परीनं बरंच आहे. कारण तुम्ही असतात, काकू दारात वाटी घेऊन उभ्या असत्या आणि तुम्ही त्या उशीवरून माझ्याकडे बघितलं असतंत, तर त्या बायकांची आठवण असूनही मी तुम्हाला सांगितलं असतं, गोड आलं, सर.