डॉक्टरीणबाईंची गिटार

७ जानेवारी
नवी गिटार बनवायला नाहीच म्हणणार होते. हातात आधीच दोन गिटारी, त्यातल्या एकीची पाठही चिकटवायची राहिलेली. पण समोरच्या बाई म्हणाल्या, "जन्मभर लोकांचे दात काढले. किंकाळ्या पुष्कळ ऐकल्या. आता काहीतरी गोड ऐकायचंय, आणि तेही स्वतःच्या हातचं!"

मग डावा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. बारीकच, पण थांबत नव्हती.

"हे वाढत जाणार. म्हणून घाई."

घेतलं काम!

बाबा कोपऱ्यात लाखेचं पॉलिश गाळत होते. आधी लोकांची कपाटं चमकवली, आता माझ्या गिटारी चमकवतात. त्यांनी मान वर केली नाही. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडाला कुलूपच आहे.

१४ जानेवारी
लाकूड निवडायला बाई स्वतः आल्या. गिटारीच्या दर्शनी पाटीसाठी स्प्रूसच्या, म्हणजे हलक्या विलायती लाकडाच्या, दोन फळ्या काढल्या. कोपरा चिमटीत धरून बोटाच्या पेरानं टकटक केलं. पहिली ठप्प. दुसरी घुमली, घुमतच राहिली.

"हीच!" मी बोलायच्या आत बाई.

पाठीला आणि बाजूंना शिसवी लाकूड. मान बारीक ठेवायची, बाईंचा हात छोटा आहे.

जाताना बाबांकडे बघून म्हणाल्या, "कवळी सैल आहे तुमची. म्हणून बोलत नाही वाटतं?"

बाबांचा चेहरा!

२ फेब्रुवारी
वाईट दिवस. शिसवी पट्टी भिजवून तापलेल्या नळीवर वाकवत होते. गिटारीच्या कमरेपाशी आली आणि — कट्! घाई माझीच. बाईंची बोटं डोळ्यांसमोर येतात आणि माझे हात पळायला लागतात.

बाबा उठून आले. तुकडा हातात फिरवला. "लाकडाच्या मागे लागलं की ते असंच करतं. उद्या कर."

दोन वाक्यं! सलग!

३ फेब्रुवारी
दुसरी पट्टी घेतली. वाकली.

२० फेब्रुवारी
बाबा सकाळी दाढी करून बसले. इस्त्रीचा शर्ट. "जरा जाऊन येतो." कुठे, ते नाही सांगितलं.

परत आले ते कुडुम कुडुम शेंगदाणे खात! कवळी घट्ट झाली म्हणे. "बाईंनी स्वतः घासून बसवली. हात थरथरत होता, पण काम चोख."

मी आपली वेडी. म्हटलं, बरं झालं, आता भाकरी कुस्करून द्यायला नको.

१८ मार्च
पाठ चिकटली, पेटी बंद झाली, मान बसली. आता बाबांचं राज्य. बोळा पॉलिशमध्ये बुडवायचा, गोल गोल फिरवायचा, वाळू द्यायचं, पुन्हा. शिसवी लाकूड असं खुललं की आत दिवा लावल्यासारखं!

"बास की बाबा. आरसा करताय का?"

"अजून एक हात देऊ."

इतके हात त्यांनी कुठल्याच गिटारीला दिले नव्हते. मी नवा बोळा पुढे केला. एवढी काही वेडी नाही!

९ एप्रिल
तारा चढवल्या. बाई आल्या. शिकवणी लावली आहे त्यांनी, कुठलं बोट कुठल्या तारेवर ते तोंडपाठ. पण बोटं ऐकेनात. तार दाबली की सुटते, नुसती खरखर. पुन्हा. पुन्हा. मी म्हटलं, मऊ तारा लावून देते.

"नको गं. उशीर झाला मला." हसल्या. पण ते हसू कसलं!

बाबांनी स्टूल ओढलं, त्यांच्या डाव्या बाजूला बसले. "कुठे दाबायचं ते सांगा."

"पहिलं बोट इथे. हं. हे इथे. घट्ट."

पॉलिशनं काळी पडलेली बाबांची बोटं. बाईंनी उजवा हात तारांवरून फिरवला आणि सूर लागला. स्वच्छ, भरलेला. घुमतच राहिला.

मग बाबा म्हणाले, "पुढचं?"

डोळ्यात भुसा गेला म्हणून मी बाहेर गेले. दिवसभर करवत चाललीच नव्हती!

२६ एप्रिल
डॉक्टरीणबाई आज गिटार घेऊन गेल्या. बाबांनाही!

"कायमचे?" मी विचारलं.

बाबांनी बॅग उचलली. "सकाळी कामाला येणारच आहे की. चहा मात्र तिकडेच पिऊन येईन."