दुसऱ्या चित्राच्या शपथेबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
ग्रामपंचायत शिरपेवाडी, ता. निपाणी, जि. बेळगाव.

विषय: भंडारा उचलून घेतलेल्या शपथेची मते मला नको असल्याबाबत.
संदर्भ: १) माझा दि. २ जूनचा तक्रार अर्ज. २) दि. १० जूनची, मलाच आलेली नोटीस.

महोदय,

आपली नोटीस कन्नडमधून आहे. मी ती नीट वाचली आहे, त्यामुळे माझा गैरसमज झाला असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

१. दि. १ जून रोजी माझे प्रतिस्पर्धी श्री. युवराज यांनी वॉर्ड तीनच्या मतदारांना देवळात बोलावले, हातात भंडारा दिला आणि 'यादीतल्या दुसऱ्या चित्रावरच शिक्का मारीन' अशी शपथ घ्यायला लावली. नाव घेतले नाही की आचारसंहिता मोडत नाही, हा त्यांचा शोध. तेव्हा यादीत पहिले तवनाप्पा, दुसरे युवराज आणि तिसरी मी होते. माझ्या तक्रारीवरून आपले पथक आले, कपाळाला भंडारा लावून घेऊन परत गेले. 'शपथ ही श्रद्धेची बाब आहे,' असे मला लेखी कळवण्यात आले.

२. पुढे विजयाच्या खात्रीने युवराजांनीच तवनाप्पांना अर्ज मागे घ्यायला लावला. युवराज पहिले झाले, मी दुसरी; शपथ आपोआप माझ्या चित्राला लागली. एवढी साधी गोष्ट त्यांच्या एकाही सल्लागाराला आधी सुचली नाही. त्याबरोबर श्रद्धेची बाब गुन्हा ठरली आणि मतदारांवर दडपण आणल्याचा खुलासा आपण माझ्याकडे मागता! मी बौद्ध आहे. त्या देवळाची पायरी मी आजवर चढलेली नाही.

३. शेजारच्या सुलाबाई काल म्हणाल्या, "आक्का, तुला मत द्यायचं मनात न्हवतं गं, पर देवाची आन मोडून कसं चालंल?" मला याची लाज वाटते. अंगणवाडीला छप्पर हवे म्हणून मी उभी आहे. भ्यालेल्या माणसांच्या मतांवर मला निवडून यायचे नाही.

४. उद्या युवराज देवळात जुनी शपथ उतरवून पहिल्या चित्राची नवी शपथ देणार आहेत. त्याला आपण 'पूजा' म्हणून परवानगी दिली आहे. रविवारी मतदान. मग मतपत्रिका तरी कशाला छापल्या? भंडाराच मोजावा.

तरी उद्या पथक न पाठवता आपण स्वतः यावे. देवळाच्या पायरीवर उभे राहून, मत गुप्त असते आणि शपथ कुणालाही बांधत नाही, एवढेच मोठ्याने सांगावे; तेही कपाळ कोरडे ठेवून. मी समोर रस्त्यावर उभी असेन. त्यानंतर सुलाबाईंनी मला खुशाल पाडावे.

आपली, सध्या दुसऱ्या क्रमांकावरची उमेदवार,
(सही)
समता भीमाप्पा मेत्री
शिरपेवाडी, दि. ११ जून २०२६

सोबत: १) नोटिशीची प्रत. २) भंडाऱ्याची पुडी (आपल्या पथकाने लावून उरलेली).