केसपेपरची मागची बाजू

बाबा, आज दुपारी एका माणसाला मी खोटं बोलू दिलं नाही. बांधकामावरून आलेला, हाताला दुपट्टा गुंडाळलेला, आणि सोबत ठेकेदाराचा माणूस. "कसं लागलं?" मी विचारलं, तर सोबतचाच बोलला, "घरी पडला, सिस्टर." मी त्याला म्हटलं, भाऊ, समोरच्या मेडिकलमधून तेवढ्या पट्ट्या घेऊन या. पट्ट्या आमच्याकडे कपाटभर आहेत. तो गेल्यावर मी पुन्हा विचारलं. जखमी माणसानं आधी दाराकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाला, "साइटवर, मॅडम. कटरनं." डॉक्टरांनी तेच लिहिलं. इथल्या नव्या पोरी मला हसतात. ताईंना पट्ट्यांचं वेडच आहे म्हणतात. हसू देत. मला तुमचा केसपेपर आठवतो, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आई गेल्यापासून घरात आपण दोघंच होतो. मी बारावीला. सकाळची वेळ, तव्यावर पोळी, आणि तुमच्या जिनिंग कारखान्याचा मिस्त्री दारात जीप थांबवतो. मी तशीच बाहेर येते. मागच्या सीटवर तुम्ही, उजवा हात पोत्यात गुंडाळलेला, मिशांवर नेहमीसारखा कापूस. कापसातून सरकी वेगळी करणारा रेचा मी लहानपणापासून पाहिला होता, तुमचा डबा द्यायला येत होते ना. त्यात माणसाचा हात जाऊ शकतो हे कधी मनातच आलं नव्हतं. सेलूपासून वर्ध्यापर्यंत तुम्हीच मला धीर देत होता. "रडू नोको माय. दोन बोटं तं शाबूत आहेत माह्ये." पुढे बसलेला मिस्त्रीही वाटेत माझ्याशी काही बोलला. ते शेवटी सांगते, आत्ता हात वळत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर तुम्ही भरपाईचा अर्ज केला आणि काही महिन्यांनी मालकाच्या वकिलाचं पत्र आलं. अपघात कामावर झालेलाच नाही, दवाखान्याच्या केसपेपरवर 'घरी पडून' अशी स्पष्ट नोंद आहे, सबब मागणी नामंजूर. मी ते मोठ्यानं वाचलं. तुम्ही डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होता, सोलत राहिलात. "झालं मंग," म्हणालात, "लिहूनच आलं." टाइप केलेल्या कागदावर तुमचा केवढा विश्वास! रेशन दुकानदाराशी तासभर भांडणारा माझा बाप शिक्का पाहिला की गप्प व्हायचा. मला तुमचा इतका राग आला होता की त्या दिवशी मी भाजीत मीठच टाकलं नाही. तुम्ही मुकाट जेवलात आणि वर म्हणालात, "आज बरी झाली."

आपल्या शेजारचे काका आले नसते तर ते पत्र देवाच्या फोटोमागेच राहिलं असतं. आयुष्यभर कचेरीत नकला काढून देण्याचं काम केलेला माणूस, कोणताही कागद हातात आला की आधी उलटा करून मागे पाहायचा. लग्नपत्रिकासुद्धा. त्यांनी तुम्हाला असं फैलावर घेतलं की मलाच वाईट वाटलं. "नाई म्हटलं म्हणजे संपलं काऊन रे? कोनत्या कागदावरून नाई म्हटलं? तो कागद पाह्यला काय तू?" आपण पाहिला नव्हता. केसपेपर मिस्त्रीनंच ठेवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी काका आपल्याला बसनं वर्ध्याला घेऊन गेले, दवाखान्यात अर्ज दिला आणि खिडकीवरच्या बाबूला दोनदा बजावलं, "दोन्ही बाजूंची नक्कल पाह्यजे." दावा करायची मुदत अजून गेली नव्हती. नक्कल हातात आल्यावर त्यांनीच वकील गाठून दिला आणि कामगार न्यायालयात दावा दाखल झाला.

मग तारखा. प्रत्येक तारखेला तोच निळा शर्ट, आदल्या संध्याकाळी इस्त्री केलेला. डाव्या हातानं बटणं लावायला तुम्हाला इतका वेळ लागायचा की बस चुकायची, आणि एकदा मी पुढे होऊन लावायला लागले तर तुम्ही माझा हात झटकलात. "सोड. बटन माह्यं आहे, टाइमही माह्याच आहे." मला लागलं ते. बसमध्ये मी तोंड फिरवून बसले, आणि पवनारच्या पुलावर तुम्ही खिशातून काढून गूळदाणे माझ्या ओंजळीत टाकलेत. तुमची माफी मागायची पद्धत तीच होती, तोंडानं कधी काही यायचं नाही.

साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलानं केसपेपर नाचवत विचारलं, "यावर 'घरी पडून' लिहिलंय, आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात 'स्वतः रुग्ण' लिहिलंय. हे तुम्हीच सांगितलं ना?" तुम्ही म्हणालात, "हो साहेब. मीच सांगतलं." आपल्या वकिलांनी कपाळाला हात लावला. सोबत दुसरं कोणी होतं का, तुम्ही शुद्धीवर होता का, त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. तुमचं एकच, "मीच होतो, साहेब. चुकलं माह्यं." मागच्या बाकावर मी खाली मान घालून बसले होते. मग आपल्या वकिलांनी न्यायाधीशसाहेबांना कागद उलटायची विनंती केली. मागच्या बाजूला, टाके घालणाऱ्या डॉक्टरच्या गिचमिड अक्षरात एकच ओळ होती: जखमेतून कापसाचे तंतू आणि मशीनचं ग्रीस काढलं. साहेबांनी चष्मा वर करून समोरच्या वकिलाकडे पाहिलं. "यांच्या घरात ग्रीस कुठून आलं?" तो आपल्या फायलीतली पानं उलटू लागला. निकाल पुढच्या तारखेला लागला, पण आपण जिंकलो ते त्याच क्षणी, हे काकांनी बाहेर चहा पिताना छाती ठोकून सांगितलं.

निकालानंतर आपण केळझरच्या गणपतीला गेलो. तुम्ही हात जोडलेत, एक पूर्ण आणि एक अर्धा, आणि मला रडू आलं. तर तुम्ही कानाशी वाकून म्हणालात, "त्याचा बी एक दात कमी आहे. त्याले समजते." जवळच उभा असलेला पुजारीसुद्धा हसला. भरपाईतून तुम्ही सगळ्यात आधी माझ्यासाठी सेकंदकाट्याचं घड्याळ आणलंत, नर्सिंगला नंबर लागला म्हणून. "नाडी मोजायले लागते म्हन्ते." त्याचा पट्टा चारदा बदलला, काच एकदा. अजून चालतं, आज त्या माणसाची नाडी त्यावरच मोजली.

आता जीपमधलं सांगते. मिस्त्री मला म्हणाला होता, "पोरी, तिथं घरी पडले म्हणून सांगजो. कामावरचं सांगतलं तं पोलीस केस होते, मंग डॉक्टर हात नाई लावत." मला ते खरं वाटलं. पोत्यातून रक्त ठिबकत होतं. खिडकीवर कारकुनानं विचारलं, कसं झालं, तर तुम्ही कण्हत एवढंच म्हणालात, "पडलो." त्यानं मान वर न करता विचारलं, "कुठं?" आणि मी म्हटलं, "घरी."

तो शब्द माझा होता, बाबा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मला आठवतं ते. कोर्टात माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं, आणि तुम्ही म्हणालात मीच. त्यानंतर इतकी वर्षं आपण एका घरात राहिलो, शेजारपाजारी तुमच्या भोळेपणाला हसायचे, तुम्हीही त्यांच्यासोबत हसायचा, आणि मी चहा गाळत गप्प राहायचे. दवाखान्यात नोकरीला लागल्यावर कळलं की पोलीस केस असली तरी उपचार आधी होतात. तेही तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं नाही, मीच टाळलं.

हे सगळं मी एका कोऱ्या केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहिलंय, जागा संपली म्हणून दुसराही घेतला. ते कुठेच जमा करायचे नाहीत, माझ्या कपाटात राहतील. पुढची बाजू रिकामीच ठेवली आहे. फक्त माहिती देणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं: मुलगी.